पैसे पुरत असतील तर माणसाने काम का करावं? कामाचा नक्की उद्देश काय?

तुम्ही लिहिलंय की वय 29, पुण्यात आयटीत आहे, दोन वर्षं बसून खाता येईल एवढं सेव्हिंग झालंय, दिवसभर शीट भरतो, उद्या मी गेलो नाही तरी कुणाला पत्ता लागणार नाही, मग काम करायचं तरी कशाला. यावर लोक हमखास गीतेतला श्लोक ऐकवतात. मला तो माझ्या मॅनेजरने अप्रेझलच्या दिवशी ऐकवला होता, पगारवाढ शून्य सांगून झाल्यावर लगेच, त्यामुळे तो आपण बाजूला ठेवू. मी माझ्या वडलांचं सांगतो, त्यात काही सापडलं तर बघा.

बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते, साचे म्हणजे कापड विणायचे माग. आधी सहा वर्षं बदली कामगार, म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर आत घेणार नाहीतर आल्या पावली घरी, मग कधीतरी परमनंट. काम काय तर साचे चालू ठेवायचे, तार म्हणजे सुताचा धागा तुटला की गाठ मारायची, सुताची कांडी संपली की बदलायची, परत तेच. कापड त्यांचं नाही, ते कुठे जातं कोण नेसतं माहीत नाही. साच्यांचा आवाज एवढा की आत सगळे हातवारे करून आणि ओठ बघून बोलायचे, ती सवय लागून बाबा घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे आणि आई म्हणायची अहो हळू, पोर झोपलंय. अंगावर कापसाचं तूस, छातीत खोकला. हल्ली ज्याला पॅशन म्हणतात त्याचा वाराही नव्हता तिथे. तुमच्या शीटपेक्षा कंटाळवाणं काम असेल तर ते हेच.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार पुढारी दत्ता सामंतांचा. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. मी नऊ वर्षांचा. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही, विरत गेला, काही मिल चालू झाल्या पण बाबांना परत घेतलं नाही.

पैशाचे हाल झाले ते झालेच, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच बसलंय. पहिली पाळी सातची असायची, तर बाबा संपातही साडेपाचलाच उठायचे, अंघोळ करून शर्ट घालून चहा पिऊन तयार, आणि मग सात वाजले की चाळीच्या गॅलरीत नुसते उभे. तसेच अकरापर्यंत. घरचा रेडिओ खरखरत होता तो दुरुस्त करतो म्हणून एकदा उघडला आणि सहा महिने तसाच उघडा पडला होता, स्क्रू वाटीत. मिल चालू असताना हाच माणूस पाळी करून येऊन शेजाऱ्यांचे स्टोव्ह नीट करून द्यायचा, भजनाला जायचा, मंडळाची वर्गणी गोळा करायचा. वेळ नव्हता तेव्हा सगळं होत होतं, आणि आता दिवस मोकळाच होता तर एक रेडिओ होईना.

मला वाटायचं हे आमच्याच घरचं. पुढे कॉलेजात मारिएनटालबद्दल वाचलं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, सगळं गाव एका कापड गिरणीवर जगणारं, ती गिरणी 1929-30 च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड वगैरे समाजाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींच्या गटाने तिथे जाऊन बारीकसारीक सगळं मोजलं. वेळच वेळ असताना वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली, तीही फी माफ केलेली असताना. पुरुषांना विचारलं सकाळपासून दुपारपर्यंत काय केलं तर धड सांगता येईना. आणि रस्त्यावर माणसं किती वेगाने चालतात तेही घड्याळ लावून बघितलं, तर पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालणारे आणि बायका त्यांच्यापेक्षा भराभर. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण मला आमची गॅलरी दिसली आणि तिच्या मागून हंडा घेऊन जाणारी आई.

कारण आईची गिरणी बंद पडलीच नव्हती. संपाच्या आधी ती पाच जणांचे डबे करायची, संपात ते लोक गावी गेले, मग पापड लाटायला लागली, वर घरचं सगळं. कामाचा अर्थ काय हे तिला विचारलं असतं तर लाटणं उगारलं असतं. त्यामुळे "काम म्हणजेच जीवन" वगैरे कुणी म्हणालं की मला आधी तिचे सुजलेले हात आठवतात. पण तरीही, ती चालत होती आणि बाबा थांबले होते, हे खरंय.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो, कुडाळजवळ. तुम्ही घाटावरचे असाल तर सांगतो, कोकणात मुंबईला नोकरीला असलेल्याला चाकरमानी म्हणतात. गणपतीत बॅग घेऊन एसटीतून उतरला की तो चाकरमानी, त्याचा थाट वेगळा. पहिले आठ-पंधरा दिवस जो भेटेल तो विचारायचा, "कधी इलंस?" मग तेच लोक विचारायला लागले, "परत कधी जातलंस?" त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता हो, साधी चौकशी. पण बाबा बाजाराच्या दिवशी बाहेर पडायचे बंद झाले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कामाचा अर्थ बहुतेकांच्या बाबतीत त्या कामाच्या आत नसतोच. तार जोडण्यात काय अर्थ असणार. तो त्याच्या कडेकडेने चिकटून येतो, उठायची वेळ, चहाला चार माणसं, लोकांनी हाक मारायचं नाव, आणि आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडणं. पगार दिसतो म्हणून आपण पगारच मोजतो. तुमच्या प्रश्नात मला "कुणाला पत्ता लागणार नाही" हे वाक्य जास्त टोचलं, पैशाचं नाही. नोकरी सोडायची तर खुशाल सोडा, मी कोण सांगणारा, मी स्वतः वीस वर्षं परचेसमध्ये बसून कोटेशनं जुळवतोय. पण सोडल्यावर मंगळवारी सकाळी साडेदहाला तुमची वाट कोण बघत असेल हे आधी ठरवा, मग तो नाटकाचा ग्रुप असो, शेती असो, कुणाच्या पोराला गणित शिकवणं असो. नुसती सुट्टी तीन आठवडे गोड लागते.

बाबांना पुढे दादरला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. पगार मिलपेक्षा कमी, शिवाय साचेवाल्याने वॉचमन व्हायचं म्हणजे चाळीत जरा खालीच वाटायचं. सकाळी टाकीचं पाणी सोडणं त्यांच्याकडे होतं. एकदा ताप आला म्हणून दोन दिवस गेले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी तिथल्या एक म्हाताऱ्या आजी पत्ता विचारत विचारत आमच्या चाळीत आल्या, की वॉचमन कुठेत, दोन दिवस पाण्याचा घोळ झालाय. बाबा खाटेवर उठून बसले. "बघितलंस," आईला म्हणाले, तेही ओरडूनच, "माझ्याशिवाय पाणी येत नाही त्यांना." आणि अंगात ताप असताना शर्ट शोधायला लागले. आईने कपाळाला हात लावला आणि चहा टाकला.