आधी क्लब, मग किट

तुम्ही विचारलंय की पुण्याहून लॉस एंजेलिसला आल्यावर घरी बिअर करून बघायची इच्छा आहे, तर कुठलं किट घ्यावं. आणि कृती व्हिडिओत कळत असताना होमब्रूइंग क्लबात जाण्यात काही अर्थ आहे का. मी बरीच वर्षं अशा क्लबात आहे. माझं उत्तर असं: किटचे पैसे सध्या खिशातच ठेवा आणि आधी क्लबात जा.

कृती खरंच अवघड नाही. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे त्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून घ्यायचा, हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, घालून तासभर उकळायचा, झटपट गार करायचा, यीस्ट टाकायचं आणि साधारण दोन आठवडे थांबायचं. इथपर्यंत व्हिडिओ पुरतो. पण तयार बिअरचा घोट घेतल्यावर ‘काहीतरी खटकतंय’ इथपासून ‘उकळताना झाकण ठेवलं होतं का?’ इथपर्यंत पोचायला दुसऱ्या कुणाची तरी तयार जीभ लागते. ती क्लबात मिळते, आणि हळूहळू तुमचीही तयार होते.

पहिल्या बैठकीत जुन्या सदस्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. बाटली फिरते, प्रत्येकाच्या ग्लासात जेमतेम दोन-तीन घोट पडतात. मुरलेला माणूस लगेच पीत नाही. ग्लासावर तळहात ठेवतो, बिअर हलकेच फिरवतो, हात बाजूला करून दोन-तीन छोटे श्वास घेतो, कारण काही वास पहिल्या काही क्षणांतच उडून जातात. मग तोंड न उघडता कागदावर लिहितो. हे गप्प राहून लिहिणं फार महत्त्वाचं आहे. एकाने ‘केळ्याचा वास येतोय’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना केळं लागायला लागतं.

स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारी बीजेसीपी ही संस्था १९८५ पासून आहे. बऱ्याच क्लबांत तिचीच गुणपत्रिका वापरतात. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. नवीन माणूस बिअर गढूळ दिसते म्हणून हळहळत बसतो. त्या सगळ्या दिसण्याला मिळून गुण तीनच आहेत, हे लक्षात असू द्या.

आता दोषांबद्दल, कारण खरं शिक्षण तिथेच होतं. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला तर तो बहुधा डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) या गंधकयुक्त पदार्थाचा. फिकट माल्टमधून तो उकळताना तयार होतो आणि वाफेबरोबर निघून जातो. पातेल्यावर झाकण ठेवलं तर आतच राहतो. औषधाच्या पट्टीसारखा वास आला तर नळाच्या पाण्याकडे बघा. शहरी पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं आणि क्लोरामाइन नुसत्या उकळण्याने सहज जात नाही. कॅम्पडेनच्या, म्हणजे सल्फाइटच्या, गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवला की काम भागतं.

लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल. आपल्या घरांत वाढलेल्या नाकाला लोणी ओळखायला शिकवावं लागत नाही, त्यामुळे हा तुम्हाला लवकर पकडता येईल. यीस्ट तो आधी तयार करतं आणि आंबणं संपत आलं की स्वतःच परत शोषून घेतं. घाईने बाटल्या भरल्या किंवा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, लवकर थंड केला की तो राहून जातो. तपासायची सोपी युक्ती आहे. थोडी बिअर दोन भांड्यांत काढा, एक झाकून वीसेक मिनिटं ६० ते ७० अंशांच्या पाण्यात ठेवा, मग दोन्ही गार करून हुंगा. गरम केलेल्या भांड्यात लोणी जाणवलं तर बिअर अजून दोन-तीन दिवस यीस्टवर उबेतच राहू द्या.

दोष तरी नेहमी दोषच असतो असं नाही. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याची आणि लवंगेची झाक हवीच असते. तीच केळ्याची झाक लागर या थंडीत आंबवलेल्या, स्वच्छ चवीच्या बिअरमध्ये आली की परीक्षक गुण कापतात. हा फरक वाचून कळला तरी जिभेवर बसत नाही, शेजारी शेजारी दोन ग्लास लागतात.

तुमच्या शहराचा इतिहासही माहीत असू द्या. लॉस एंजेलिसचा माल्टोज फाल्कन्स हा अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या होमब्रूइंग क्लबांपैकी एक, १९७४ चा. तेव्हा घरी बिअर करणं केंद्रीय कायद्यात बसत नव्हतं. १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. अध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली तेव्हा ती वाट मोकळी झाली. एकटा प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, आणि विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामात तर राज्याची परवानगी यायला २०१३ उजाडलं. आज आपण निवांत बाटल्या घेऊन क्लबात जातो ते त्या काळातल्या लोकांनी धीर धरला म्हणून, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण सुट्टीला पुण्यात गेल्यावर गॅलरीत फर्मेंटर लावू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही.

क्लबात दोन-तीनदा जाऊन आलात की कुणाच्या तरी ब्रू-डेला, म्हणजे बिअर करायच्या दिवशी, मदतनीस म्हणून जा. भांडी घासा, निर्जंतुक करा, थर्मामीटर धरा. तेवढ्यातच कळतं की आपल्याला खरोखर काय लागेल: मोठं पातेलं, फर्मेंटर, घनता मोजायचा हायड्रोमीटर, थर्मामीटर, चांगलं सॅनिटायझर. बाकीचं पुष्कळदा सदस्यच वापरायला देतात. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टीसारखं तापतं आणि यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, म्हणून फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहा. एल, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर, असेल तर तिचं तापमान १८ ते २० अंशांत राहिलं पाहिजे.

पहिली बॅच पाच गॅलनची, कॅस्केड जातीच्या हॉप्सची अमेरिकन पेल एल करा. आंबताना साखर संपत जाते तशी घनता उतरते; ती १.०५० वरून १.०१० वर आली की अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास बसतं. हीच शैली सुचवतो कारण ताडून बघायला सिएरा नेव्हाडा या कंपनीची पेल एल तिथल्या बहुतेक दुकानांत मिळते. एक बाटली तिची आणि एक तुमची, दोन्हींवर कागद गुंडाळून क्लबात न्या. ‘ही माझी पहिलीच आहे’ असं आधी सांगू नका. सांगितलंत की लोक प्रेमाने दोन गुण वाढवून देतात आणि दोष पोटात घालतात.