एआयमुळे द्राक्षातला रेसिड्यू आधीच कळेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुरवठा साखळीतले अन्नसुरक्षेचे धोके, जसा रेसिड्यू म्हणजे फवारलेल्या औषधाचा फळात उरलेला अंश, एआय आधीच ओळखू शकतं का, आणि तसं असेल तर द्राक्षाच्या निर्यातीत लॅबची गरज संपेल का? पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटीचं काम बघतो, म्हणून लिहितोय. धोका कुठे शोधायचा, हे एआय बऱ्यापैकी सांगतं. ते 'इथे धोका नाही' म्हणायला लागलं की मात्र सावध व्हायचं.

युरोपला जाणारा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ऑनलाइन नोंदणीत, नोंदवलेला असतो. २००६ पासून ही पद्धत आहे. तोडणीआधी लॅबचा माणूस बागेतून नमुना नेतो आणि रिपोर्ट पास झाला तरच माल हलतो. पण ऐन तोडणीच्या तोंडावर फेल झालेला रिपोर्ट म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष गेलं. म्हणून आम्ही त्याच्या बरंच आधी काही प्लॉटचे नमुने स्वतःच्या खर्चाने तपासून घेतो. सगळ्यांचे घेणं परवडत नाही. कोणाचे घ्यायचे, हे ठरवायला गेले दोन हंगाम एक मॉडेल वापरतोय. त्याला गोडी छाटणीची (फळ धरण्यासाठीच्या छाटणीची) तारीख, पाऊस, दव, तापमान, फवारणीची वही आणि मागचे रिपोर्ट एवढं देतो.

त्यातून आम्हाला कळलं ते असं, की रेसिड्यूचा माग औषधाच्या दुकानापेक्षा पावसात लवकर लागतो. मण्यात पाणी उतरल्यावर अवकाळी बरसला की घड कुजायची भीती, भुरीची भीती. अशा वेळी काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, मोजत बसायला कोणाला सुचतंय? रात्री फवारणीचा ब्लोअर चालतो. मॉडेलला रसायनशास्त्र कळत नाही, पण हा घाबरलेला आठवडा त्याला बरोबर दिसतो.

आता वहीबद्दल. पहिल्या हंगामात मॉडेलने एका नानांच्या प्लॉटला सगळ्यात कमी धोका दिला. वही सुंदर होती, प्रत्येक फवारणी शिफारशीप्रमाणे. मी सहज म्हणून नमुना घेतला, तर फेल. वही पुन्हा उघडून पाहिली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पेन, एकच अक्षर. विचारलं, "नाना, ही कधी लिहिली?" म्हणाले, "तुमचा पोरगा मागायला आला ना, त्याच दिवशी. त्याला चहा होईस्तोवर लिहून दिली." त्यांना राग नव्हता की लाज नव्हती. वही हा कागद पॅकहाऊससाठी असतो, असंच त्यांना वाटत होतं, आणि आमचीही वागणूक तशीच होती. तेव्हापासून आम्ही उलटं बघतो: जिथे पाऊस पडला आणि तरी वहीत आठवडाभर एकही फवारणी नाही, तो प्लॉट यादीत वर.

कंपन्या सांगतात त्या 'अचूकते'वर भाळू नका. शंभरातले तीन नमुने फेल होत असतील, तर डोळे मिटून 'सगळे पास' म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के बरोबर ठरतं. विचारायचं ते हे, की त्या तिघांपैकी किती पकडले.

बाहेरही काम साधारण याच वाटेने चाललंय. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने) आयात मासळीतली कोणती खेप आधी तपासायची, यासाठी मशीन लर्निंगची चाचणी घेतली. युरोपच्या आरएएसएफएफ या तातडीच्या इशारा यंत्रणेच्या नोंदी खुल्या आहेत. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी त्यांवरून अन्नातल्या फसवणुकीचा अंदाज बांधणारं मॉडेल केलं. पण त्या नोंदींत जे पकडलं गेलं तेवढंच येतं, आणि आपल्याकडच्या कोणाही जुन्या बागायतदाराला यावरून २०१० आठवेल.

त्या वर्षी आपल्या द्राक्षात युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते, सापडलं. कंटेनर अडकले, दर कोसळले. वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती साधायला शेतकरी ते वापरत होते, त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण आपल्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं, त्यामुळे इथले रिपोर्ट स्वच्छ. त्या स्वच्छ रिपोर्टांवर आजचं कितीही भारी मॉडेल शिकवलं असतं तरी त्याने 'बिनधास्त पाठवा' असंच सांगितलं असतं. म्हणून लॅब संपणार नाही. उलट दर वर्षी थोडे नमुने चिठ्ठ्या टाकून, मॉडेलला न विचारता काढायला हवेत.

सीसीसी तेव्हा एका ठिकाणी मात्र दिसलं असतं: कृषी सेवा केंद्रांच्या बिलांत. असं मॉडेल करायला डेटा शोधत असाल तर तिथून सुरुवात करा. आम्ही मागून पाहिली, अजून कोणी दिली नाहीत.