सात वर्षांच्या मुलीसोबत पालक-मुलांच्या कॅम्पला पहिल्यांदाच जातोय. दोन रात्री आहेत आणि आत्ताच तीन बॅगा झाल्यात. नक्की काय न्यायचं?

तीन बॅगा झाल्या म्हणजे कपडे जास्त झालेत, पैज लावतो. आमच्या पहिल्या कॅम्पला मी लेकाचे सहा टीशर्ट घेतले होते आणि पायमोजे दोनच जोड. पहिल्याच दुपारी तो बुटांसकट ओढ्यात उतरला. दुसरा जोड संध्याकाळी चिखलात गेला. रात्री सहा कोरडे टीशर्ट शेजारी ठेवून मी मोजे पिळत बसलो होतो.

तेव्हापासून मी बॅग भरताना सुरुवात रात्रीपासून करतो. दिवसा पोरं मळलेली, अर्धी भिजलेली असली तरी त्यांचं काही अडत नाही, सोबतीला बाकीची पोरं असतात. अंधार पडला, गारवा सुटला आणि अंगावर ओलं असलं की मग ‘घरी जाऊया’ सुरू होतं. त्यामुळे झोपायचे कपडे, म्हणजे पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, पायजमा, जाड मोजे आणि कानटोपी, एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला. ती पिशवी दिवसा काहीही झालं तरी उघडायची नाही. बॅगेच्या आत आधी कचऱ्याची मोठी, जाड पिशवी पसरून त्यात सामान भरा. पावसाळी कव्हर असलं तरी पाणी पाठीकडून आत शिरतंच.

अंथरुणाचं म्हणाल तर सगळे पांघरायला काय घ्यायचं ते बघतात, पण थंडी खालून लागते. अंगाखाली स्लीपिंग बॅगचा भराव दबतो, त्यात हवा उरत नाही आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. एकच गोष्ट चांगली घेणं जमणार असेल, तर आधी फोमची जाड मॅट घ्या. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये सात वर्षांचं मूल अर्ध्यातच संपतं आणि पायाकडची रिकामी जागा रात्रभर गार राहते. ती जागा दुमडून खाली सरकवा, नाहीतर तिथे दुसऱ्या दिवशीचे कपडे कोंबा. सकाळी कपडे कोमट मिळतात आणि घालायला कटकट होत नाही.

तंबूवर ‘चार जणांसाठी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चार जण खांद्याला खांदा लावून आणि सामान बाहेर ठेवून. तुम्हा दोघांना बॅगांसकट तीन जणांचा पुरेल. थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत आणायचे नाहीत, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत काही कळत नाही.

टॉर्च प्रत्येकाची वेगळी. मुलांना डोक्यावर बांधायची बरी पडते, दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत मारतात, म्हणून आमच्या गटात पोरांनी ती गळ्यात घालायची असा नियमच आहे. आणि एक बारीकशी गोष्ट: बॅगेत बटण दाबलं जाऊन टॉर्च पेटते आणि पोचेपर्यंत सेल संपलेले असतात. निघताना त्यातला एक सेल उलटा घालून ठेवा, अंधार पडायच्या आधी सुलटा करा.

दिवसाच्या कपड्यांसाठी प्रत्येक दिवसाची एक पिशवी करा, टीशर्ट, पँट, चड्डी आणि मोजे एकत्र. मळलेलं परत त्याच पिशवीत. त्याशिवाय मोज्यांचे दोन जास्तीचे जोड आणि एक गरम जॅकेट. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही.

हे सगळं भरताना मुलीला शेजारी बसवा. तिची छोटी सॅक तिनेच भरायची. तुम्ही परस्पर भरलीत तर कॅम्पवर दर दहा मिनिटांनी ‘बाबा, माझं अमुक कुठंय?’ (किंवा ‘आई’, जे कोणी जाणार असाल ते). वजन तिच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा, म्हणजे मूल २२ किलोचं असेल तर दोन किलोच्या आसपास. पाण्याची बाटली, टॉर्च, रेनकोट, थोडा खाऊ आणि एक शिट्टी. चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच थांब आणि तीनदा शिट्टी वाजव, हे घरीच शिकवा. पहिल्या दिवशी पोरं उगाचच वाजवत सुटतात, तेवढं सोसायचं. लाडकं खेळणं एकच, तेही हरवलं तर आकांत होणार नाही असं.

अंथरूण ओलं होण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, कोणीच विचारत नाही. या वयात बऱ्याच मुलांचं होतं, आणि घरी बंद झालेलं परक्या जागी पुन्हा होऊ शकतं. तिला अजून पॅड लागत असेल तर ते आधीच स्लीपिंग बॅगच्या तळाशी ठेवा, म्हणजे बाकीच्या मुलींसमोर बॅग उपसावी लागत नाही, आत शिरून गुपचूप घालता येतं. नसेल लागत तरी एक सुकी चड्डी आणि पायजमा हाताशी असू द्या. तिथे संडास नसेल तर छोटं खुरपं लागेल. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून निदान ६० मीटर लांब.

औषधं प्रत्येकाने आपापली न्यावीत. तापाच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारून बाटलीवरच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात बारीक अक्षर वाचवत नाही. डासांचं क्रीम तिच्या हातात देऊ नका. तुमच्या तळव्यावर घेऊन लावा आणि तिचे तळवे वगळा, ते सारखे तोंडात जातात.

बाकी भांडी, शेगडी, दोर, ताडपत्री, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं गटाचं. कोण काय आणणार ते नावानिशी लिहून घ्या, ‘मी बघतो’वर सोडू नका. एका कॅम्पला आमच्याकडे पाच चाकू निघाले आणि काडेपेटी एकाकडेही नव्हती.

निघायच्या आधी एक रात्र घरातच, दिवे घालवून, स्लीपिंग बॅगमध्ये झोपून बघा. आम्ही झोपलो तेव्हा अकराच्या सुमाराला कळलं की लेकाला आतून चेनच उघडता येत नाही. टोक इतकं बारीक की त्याच्या बोटांत येईना. मी चेनच्या टोकाला बुटाची जुनी नाडी बांधली. ती अजून तशीच आहे.