कॅरिबियन पास्ता आखाडात करायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला घरी आखाडाची मंडळी जमणार आहेत, सहा जण. कॅफेत खाल्लेला ‘कॅरिबियन सी-फूड पास्ता’ करायचा आहे. मागे टोमॅटो आणि लिंबू घालून केला तेव्हा क्रीम फाटलं, कोळंबी रबरासारखी झाली आणि चव ‘व्हाइट सॉसमध्ये मिरची घातल्यासारखी’ आली. स्कॉच बॉनेट मिरची पुण्यात कुठे मिळेल, हेही विचारलंय.

मिरचीचं शेवटी सांगतो, कारण घोडं तिथे अडलेलं नाहीच. तुमचा पास्ता तिखट होता, क्रीमी होता, फक्त त्यात कॅरिबियन काही नव्हतं. त्यात तुमचा दोष कमी आहे. आपल्याकडे कॅफेत या नावाखाली बऱ्याचदा केजन पावडर घातलेला पास्ता येतो. केजन म्हणजे अमेरिकेतलं लुईझियाना. त्या मसाल्यात पॅप्रिका, लसूण पावडर, ओरेगॅनो वगैरे. जमैकाचा जर्क मसाला हे वेगळं प्रकरण आहे. तो तीन गोष्टींवर उभा असतो: ऑलस्पाइस (मिरीसारखा दिसणारा एक मसाल्याचा दाणा), थाइम ही सुगंधी पानं आणि स्कॉच बॉनेट. सोबत कांद्याची पात, आलं, लसूण, जायफळ, दालचिनी. यातला ऑलस्पाइस गेला की बाकी सगळं असूनही तो वास येत नाही.

या पास्त्याचा मूळपुरुष म्हणजे जमैकाचा ‘रास्ता पास्ता’. तो 1985 साली नेग्रिलमध्ये लोरेन वॉशिंग्टन नावाच्या शेफबाईंनी केला असं मानतात. लाल, पिवळा, हिरवा हे रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक पंथाचे रंग, म्हणून हे नाव. सुरुवातीला त्यात टोमॅटो आणि ॲकी हे तिथलं फळ होतं. क्रीम आणि जर्क मसाल्याचं रूप नंतर रुळलं आणि आता तेच जगभर चालतं. गंमत अशी की काटेकोर रास्ताफारी माणूस कोळंबी-खेकड्याला हातही लावत नाही. तेव्हा आपण करतोय ते अस्सल आहे का, हा वाद घालायचं कारण नाही. चांगलं झालं पाहिजे, एवढंच.

ऑलस्पाइस पुण्यात मिळतो. रविवार पेठ, भवानी पेठेतल्या मसाल्याच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. एक मात्र बघून घ्या. ऑलस्पाइस मागितला की काही दुकानदार कबाबचिनी काढून देतात, आणि ती वेगळी वस्तू आहे. कबाबचिनीच्या दाण्याला बारीक शेपटी असते, ऑलस्पाइसचा दाणा गोल, तपकिरी, मिरीपेक्षा किंचित मोठा आणि बिनशेपटीचा. नखाने फोडून हुंगा. लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र ठेवल्यासारखा वास आला पाहिजे. लवंगेला वास देणारं युजेनॉल हे द्रव्य यातही असतं, त्यामुळे अगदीच नाही मिळाला तर मिरी, दोन लवंगा, जायफळ आणि दालचिनी यांवर निभावून नेता येतं. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर आणखी सोपं. तिकडे परसात ‘सर्वसुगंधी’ म्हणून जे झाड लावतात आणि ज्याची पानं पुलावात घालतात, ते हेच झाड. त्याची दोन पानं स्टॉकमध्ये (कोळंबीची सालं उकळून काढलेलं पाणी, ते पुढे सांगतो) टाका.

थाइम सुपरमार्केटात सुकवलेला मिळतोच. पण तुमच्या बाल्कनीत ओव्याची पानं असतील (जाड, लवदार, ज्यांची आपण भजी करतो ती) तर ती वापरा. हा काही पुणेरी जुगाड नाही. त्रिनिदादमध्ये हीच पानं माशांच्या हिरव्या वाटणात घालतात. मात्र दोनच पानं, बारीक चिरून. जास्त झाली तर पास्त्याला काढ्याचा वास येतो.

सहा जणांचं वाटण असं करा. ऑलस्पाइसची पूड दोन छोटे चमचे, सुका थाइम दीड चमचा, मिरी एक चमचा, जायफळ पाव चमचा, अर्धा इंच दालचिनी, पातीचे सहा कांदे पातीसकट, दीड इंच आलं, आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर गूळ, एक मोठा चमचा सोया सॉस आणि दोन मोठे चमचे तेल. सोया बघून दचकू नका, जमैकातही जर्कमध्ये घालतात. पाणी न घालता वाटा, थोडं भरड राहिलं तरी चालेल. गरम मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आवरा, पास्ता थेट कोल्हापूरला पोचेल.

आता मासळी. तुम्ही आखाडात करताय आणि आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. त्यामुळे ‘आजची रत्नागिरीची ताजी’ असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जायचं. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे आखाडापर्यंत तिकडचा माल सुरू झालेला असतो. शिवाय तळ्यातली वनामी कोळंबी वर्षभर येते, मुख्यतः आंध्रातून. या पास्त्याला वनामी उत्तम. गोडसर असते आणि आकार एकसारखा मिळतो, म्हणजे शिजायला वेळही सारखाच लागतो. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा आणि डोक्यासकट कोळंबी मागा. सोलून देऊ का विचारतील. सोलून घ्या, पण डोकी आणि सालं पिशवीत बांधून मागून घ्या. तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्या पिशवीत आहे.

डोकं धडाला घट्ट धरून असलं पाहिजे. लोंबत असेल, काळं पडलं असेल किंवा अमोनियाचा भपका येत असेल तर ती कोळंबी नको. सहा जणांना एक किलो घ्या, साफ करून निम्म्याच्या आसपास उरते. सोबत अर्धा किलो म्हाकूळ, त्याच्या चकत्या. तिसऱ्या मला स्वतःला यात आवडतात, पण पावसाळ्यात त्या घेताना मी हात आखडता घेतो. सुरमई टाकू नका, क्रीममध्ये कोरडी लागते आणि तुकडे मोडतात. फ्रोझन कोळंबी आणणार असाल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवून सुटू द्या, गरम पाण्यात बुडवू नका.

कोळंबी रबर होण्याचं कारण एकच, ती सॉसमध्ये उकळत राहिली. मध्यम कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात, म्हाकुळाला तर जेमतेम दीड. म्हाकूळ एकतर पटकन काढायचं, नाहीतर अर्धा-पाऊण तास शिजवायचं. मधल्या वेळात काढलंत तर ते चघळत बसावं लागतं. दोन्ही आधी वेगळं भाजून बाजूला ठेवायचं आणि अगदी शेवटी सॉसमध्ये मिसळायचं. आपण मासळीला लिंबू-हळद लावून तासभर ठेवतो ते इथे करू नका, आंबटाने मांस आधीच आवळतं. नुसतं मीठ आणि दोन चमचे वाटण, पंधरा मिनिटं. त्याआधी कापडाने टिपून कोरडी करा, ओली कोळंबी भाजली जात नाही, पाणी सोडून उकडते. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. धूर येईपर्यंत तापवा आणि एका वेळी थोडीच टाका. एका बाजूने मिनिटभर, उलटून आणखी थोडं. कोळंबी अर्धचंद्रासारखी वळली की उचला. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे वेळ टळून गेली.

आता ती पिशवी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून डोकी आणि सालं टाका आणि मोठ्या आचेवर परता. चार-पाच मिनिटांत राखाडी सालं केशरी होतात आणि मग तेलही केशरी होऊ लागतं. सालांमधला रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून पाण्याची घाई करायची नाही. वास समुद्राचा न राहता भाजलेल्या सुक्या सोड्यांकडे झुकू लागला की तीन वाट्या पाणी, पातीचे हिरवे शेंडे आणि दोन-चार मिरीदाणे घाला. वीस मिनिटं मंद उकळा. डावाने डोकी दाबत राहा, चव डोक्यात असते. गाळून घ्या आणि आटवून वाटी-सव्वा वाटी करा. त्यावर तरंगणारा केशरी तवंग काढून टाकू नका. हा स्टॉक पडला की क्रीमचा पिठूळपणा जातो आणि सॉसला बूड येतं. बाजारातला पास्ता मसाला, सूपच्या वड्या, काही लागत नाही.

पास्ता पेने किंवा लिंग्विनी, अर्धा किलोचं एक पाकीट. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघा, मैद्याचा सॉसमध्ये लिबलिबीत होतो. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ, आणि पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा. दोन वाट्या पाणी राखून ठेवा. थंड पाण्याखाली धुवायचा नाही, तेल चोपडायचं नाही.

क्रीम फाटण्याचं सांगतो. आपल्याकडे टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं. ते जास्त फॅटच्या क्रीमइतकं सोशीक नसतं, उकळी आणि आंबट एकदम आलं की फाटतं. तुम्ही टोमॅटो आणि लिंबू घालून खळखळा उकळलंत, मग दुसरं काय होणार? नारळाच्या दुधाचंही तेच. घरी काढलेलं पहिलं दाट दूध उकळलं की चोथा आणि पाणी वेगळं होतं, हे माशाची कढी करणाऱ्या कुणालाही विचारा. टिनमधल्या दुधात बहुधा स्टॅबिलायझर असतो, म्हणून ते जास्त तग धरतं. मी या पास्त्याला 400 मिलिलिटर नारळाचं दूध आणि 200 मिलिलिटर फ्रेश क्रीम घेतो. नुसत्या क्रीमचा पास्ता दोन घासांत तोंड मारतो, नारळाने तो हलका होतो आणि किनाऱ्यावरचा वाटतो.

मग क्रम असा. ज्या तव्यावर कोळंबी भाजली त्याचं खरवडून मोठ्या कढईत घ्या. त्यात तेल, एक कांदा आणि लाल, पिवळी, हिरवी ढोबळी मिरची उभी चिरून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. मिरच्या काढून ठेवा, रंग टिकला पाहिजे. उरलेलं वाटण घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. इथे कच्चं राहिलं तर ऑलस्पाइस कडवट लागतो आणि मग कितीही क्रीम ओतलं तरी ते झाकलं जात नाही. स्टॉक घाला, निम्मा आटवा. आच अगदी कमी करून नारळाचं दूध, मग क्रीम. कडेला बुडबुडे आले की पास्ता टाका आणि राखलेलं पाणी लागेल तसं घालत दोन मिनिटं हलवत राहा. गॅस बंद. आता कोळंबी, म्हाकूळ, ढोबळी मिरच्या, मूठभर किसलेलं पार्मेझान आणि शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू गॅस बंद केल्यावरच. इटालियन माणूस मासळीत चीज बघून नाक मुरडेल, जमैकात घालतात. प्रोसेस्ड चीज मात्र नको, तारा सुटतात.

आणि मिरची. स्कॉच बॉनेट पुण्यात भाजीवाल्याकडे मिळेल या भरवशावर राहू नका. तिचा तिखटपणा एक लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) असतो, पण तिला मागणी असते ती फळासारख्या वासासाठी. लवंगी मिरची तिखट करेल, तो वास देणार नाही. वासाने जवळची म्हणजे आपली भूत जोलोकिया, दोघींचं कूळ बरंचसं एक. ती मात्र दहा लाखांच्या पुढची आहे, 2007 साली गिनीज बुकात गेली होती. सुकी भूत जोलोकिया घ्या, एक अख्खी, न फोडता, स्टॉक आटवताना त्यात सोडा आणि दहा मिनिटांनी अलगद काढा. जमैकातल्या बायका भातात आणि सुपात स्कॉच बॉनेट अशीच अख्खी सोडतात. वास उतरतो, आग आवाक्यात राहते. फुटली तर मात्र सहाही जणांना दही वाढावं लागेल. तिखट चाखायचं ते क्रीम घातल्यावर, कारण क्रीम आणि नारळ ते बरंच खाली आणतात. कमी वाटलं तर लवंगी वाटून वरून घाला.

कोणी म्हणेल, करी पावडर घातली तर? जरूर घाला, अर्धा चमचा, वाटणासोबत परतून. 1845 साली भारतातून गिरमिटिया मजूर जमैका आणि त्रिनिदादला पोचले, तेव्हापासून करी तिथलीच झाली आहे. पण मग ऑलस्पाइस थोडा कमी करा.

सहा जणांचा पास्ता एकाच कढईत मावत नसेल तर सॉस एकत्र करा आणि पास्ता दोन वेळा मिसळा. पाहुणे आल्यावर मिसळा, आधी नाही. अर्धा तास राहिला की सगळा सॉस पास्ता पिऊन टाकतो.

आषाढी एकादशीनंतर करणार असाल तर कुणीतरी चातुर्मास धरलेला निघेल. मासे सोडलेल्यांसाठी वाटण वेगळ्या कढईत परतून त्यात मशरूम घाला आणि स्टॉकऐवजी पास्त्याचं पाणी. कांदा-लसूणही सोडलं असेल, तर त्यांच्यासाठी सरळ साबुदाण्याची खिचडी करा.