दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच पकडले, चलन ऑनलाइन भरता येईल का?

नाही. तुम्हाला म्हापशात रात्री स्कूटरवर अडवून श्वास तपासायच्या मशिनमध्ये फुंकर मारायला लावली, आकडा 58 आला. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्राम. हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 185चा गुन्हा आहे आणि तो जाग्यावर तडजोडीने मिटत नाही, कोर्टात जावेच लागते. जामीनपात्र आहे, तेवढी धास्ती घेऊ नका.

मशिनमधून निघालेली पावती आधी नीट बघा: वेळ, आकडा, तुमचे नाव. तिचा फोटो काढून ठेवा. अटक केली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तशी झाली नसेल तर वकिलाला आवर्जून सांगा.

पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण खरा फटका लायसनला बसतो. दोषी ठरल्यास कलम 20 प्रमाणे ते किमान सहा महिने रद्दबातल राहते, आणि गोव्यात गाडीशिवाय कामावर पोचणे किती कठीण ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून "दंड भरून मोकळा होतो" म्हणत घाईने गुन्हा कबूल करू नका. कबुली दिलीत की तुम्ही दोषी ठरल्याचीच नोंद होते. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

तारीख चुकवू नका, वॉरंट निघते. गाडी सोडवायला आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) आणि विम्याचे कागद घ्या, आणि लायसन असलेला, न प्यायलेला माणूस सोबत न्या.