घरी बनवलेला व्हॉल्व्ह कंपनीचा होतो का?

सगळ्यात आधी, कंपनीने पुढे केलेल्या त्या असाइनमेंटच्या (म्हणजे शोधाचा हक्क कंपनीला लिहून देण्याच्या) कागदावर सही करू नका. एचआरवाले कितीही म्हणोत की नुसती फॉर्मॅलिटी आहे.

तुम्ही लिहिलंय की अंधेरी एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कंपनीत क्वालिटीला आहात, रात्री भांडुपला घरी बसून सोसायटीच्या टाकीसाठी लाइट गेली तरी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बनवलात, आणि आता कंपनी म्हणते नोकरीत असताना बनवला म्हणजे आमचा. असं सरसकट नसतं हो. १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरदाराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं कलमच नाही. कलम ६ नुसार अर्ज करायचा हक्क खऱ्या शोधकर्त्याचा, नाहीतर त्याने ज्याला हक्क लिहून दिलाय त्याचा. कंपनीला स्वतःच्या नावाने अर्ज करायचा तर तुमच्याकडून हक्क मिळाल्याचा पुरावा पेटंट ऑफिसला द्यावा लागतो, म्हणून तर सहीची एवढी घाई.

(हेच ऑफिसच्या कामात लिहिलेलं सॉफ्टवेअर असतं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तर पहिला मालक कंपनीच.)

आता अवघड भाग. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरचा क्लॉज म्हणतो, कामाच्या ओघात किंवा कंपनीची साधनं वापरून केलेले शोध कंपनीचे. तुमचं काम तयार माल तपासायचं, डिझाइनचं नाही, ही बाजू भक्कम आहे. पण एका शनिवारी कंपनीच्या टेस्ट बेंचवर प्रेशर टेस्ट केलीत ना, तिथेच ते तुम्हाला धरणार. ते लपवू नका आणि काही डिलीट तर अजिबात करू नका. डिझाइन त्याआधीच पूर्ण झालं होतं हे तुमच्या वहीतल्या तारखा, पार्टची बिलं, घरचे फोटो यावरून दाखवता येईल, ते सगळं आजच एका जागी काढून ठेवा.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये व्हॉल्व्ह दाखवायचा बेत तूर्त थांबवा, चारचौघांत आला की त्याचं नवेपण गेलं आणि पेटंटच धोक्यात. पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीला फी १६०० रुपये, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. पण भरण्याआधी सगळे कागद वकिलाला दाखवाच, क्लॉज लागू होत असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करणं अंगाशी येऊ शकतं.

एचआरला मेलवर एवढंच कळवा की वकिलाचा सल्ला घेऊन उत्तर देतो, रागाच्या भरात राजीनामा नको. आणि जॉइनिंगच्या दिवशी सह्या केलेला सगळा गठ्ठा शोधा, आयपी (बौद्धिक संपदा) पॉलिसीचा एखादा कागद बहुतेक त्यातच दडलेला असतो.