सात कुणी केला?

नौपाडा, ठाणे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. एवढं लांबलचक मोबाइलवर वाचायला माझे डोळे तयार नसतात, म्हणून नातवाकडून प्रिंट काढून घेतली आणि सकाळी ती खिशात घालून तलावपाळीला गेलो. दोन फेऱ्यांत वाचून झाली. मेसेजचं उत्तर मेसेजने द्यायचं असतं म्हणतात, पण हे तिथे मावणार नाही.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. सात ही मूळ संख्या आहे. ठाण्यात आहे, ऐरोलीत आहे, माणूस जन्माला यायच्या आधीही होती, आणि ती तशी नसणं शक्यच नाही. म्हणजे सात कुणी केलेला नाही. देवाने तर म्हणे सगळं केलं. तेव्हा एक तर सात खोटा, नाहीतर देव. एम.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलीला सात सोडवेना, म्हणून तिने देव सोडला, आणि यंदा गणपतीत आरतीला उभी राहिली नाही. आजी दोन दिवस बोलली नाही.

आजीचं नंतर बघू. आधी सात.

प्रश्न खुळचट नाही, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. इसवी सन ३२५ मध्ये निकिया इथे ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली, तिथे श्रद्धेचा जो मतांगीकार, म्हणजे 'आम्ही हे मानतो' असा जाहीर मजकूर, ठरला त्यात देवाला 'दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा' कर्ता म्हटलंय. चर्चमध्ये हे शब्द आजही म्हणतात. आता संख्या दिसत नाहीत हे खरं, पण मग त्या 'अदृश्य' या शब्दात येतात की नाही? ज्याला हे वाक्य मनापासून म्हणायचंय, त्याला तुझ्या सातपासून पळता येत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा याने १९८० मध्ये हाच पेच मांडला: संख्या, गुणधर्म असल्या अमूर्त वस्तू नित्य असतील आणि त्यांचं असणं देवाच्या हातात नसेल, तर त्याची सत्ता कशावर चालते? विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने पुढे वर्षानुवर्षं यावर घालवली आणि २०१६ च्या पुस्तकात सरळ दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या मते संख्या अशा काही वस्तू नाहीतच. देव वाचला, सात गेला. म्हणजे तुझ्याच चौकटीत राहून त्याने तुझ्या उलट निवड केली. तुझ्यासारखंच त्यालाही दोन्ही सांभाळता आलं नाही, एवढं लक्षात ठेव.

सात काढून टाकणं सोपं नसतं, हे तुला मी सांगायला नको. क्वाइन आणि पटनम या तत्त्वज्ञांचं म्हणणं असं की भौतिकशास्त्र संख्यांशिवाय एक पाऊल टाकत नाही, तेव्हा इलेक्ट्रॉन 'आहे' म्हणायचं आणि संख्येला 'नाही' म्हणायचं हा अप्रामाणिकपणा. हार्ट्री फील्ड या तत्त्वज्ञाने उलट बाजूने १९८० मध्ये न्यूटनचं गुरुत्वाकर्षण संख्यांशिवाय लिहून दाखवायचा घाट घातला. वाचताना माणसाच्या चिकाटीला नमस्कार करावासा वाटतो, पण असलं भौतिकशास्त्र कुणी शिकवायला घेणार नाही.

मधला रस्ता म्हणून लोक ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती संताकडे जातात: संख्या देवाच्या बुद्धीत असतात. ऐकायला किती छान! मीही चोविसाव्या वर्षी एका मुलाखतीत हेच ठोकून दिलं होतं. समोरच्या वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "मग देव एक आहे हे त्याला एक सुचायच्या आधी खरं होतं की नंतर?" मी गप्प. नोकरी अर्थातच दुसऱ्याला मिळाली. महिनाभर मला तो वाह्यातपणा वाटला, मग हळूहळू कळलं की त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

ती जागा नीट बघ, कारण या सगळ्या भांडणात खरी अडचण तीच आहे. समज, देवाने सगळे गुणधर्म निर्माण केले. त्यात 'सामर्थ्य' हाही एक गुणधर्म. पण तो निर्माण करायला आधी अंगात सामर्थ्य हवं. कपाटाची किल्ली त्याच कपाटात राहून कुलूप लागलं तर जी गत होते, ती. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३० मध्ये आपला मित्र मर्सेनला पत्र लिहून सांगून टाकलं की राजा राज्यात कायदे घालून देतो तशी गणितातली सत्यंही देवाने घालून दिली आहेत. धाडस आहे, पण मग राजाच्या मनात आलं असतं तर सात मूळ संख्या राहिली नसती, हेही गिळावं लागतं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझला ते गिळवलं नाही. त्याने सत्यं देवाच्या इच्छेतून काढून आकलनात ठेवली, म्हणजे फिरून ऑगस्टिनच्या दारात. किल्ली कपाटातच.

इथवर तुला बरंचसं ठाऊक असणार. तुझ्या मेसेजमध्ये जे अजिबात नव्हतं, ते पुढे.

पोरी, 'देवाने सगळं केलं' हे वाक्य तू कुठून उचललंस? न्याय आणि वैशेषिक ही आपल्याकडची दोन जुनी दर्शनं, त्यांचा ईश्वर सगळं करत नाही. परमाणू नित्य, आकाश, काल, दिशा नित्य, आत्मे नित्य, आणि 'गायपण', 'घटपण' यांसारखी सामान्यं, म्हणजे एका जातीच्या सगळ्यांत असणारे समान धर्म, तीही नित्य. ईश्वर निमित्तकारण, म्हणजे कुंभार. माती त्याची नाही, मडकं त्याचं. असल्या ईश्वरासमोर तू सात नेऊन ठेवलास तर तो म्हणेल, "बरं मग?" वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक तर आणखी पुढचे: वेद नित्य, शब्द नित्य, आणि जग घडवणारा ईश्वर हवाच कशाला!

त्यातही संख्येबद्दल न्याय-वैशेषिक मंडळींनी जे म्हटलंय ते मला फार गोड वाटतं. वस्तूंचे गुण ते चोवीस मानतात, संख्या हा त्यांपैकी एक. 'एक' वस्तूतच असतो. पण 'दोन' आणि त्यापुढचं सगळं अपेक्षाबुद्धीतून उपजतं, म्हणजे 'हा एक, हा एक' असं कुणीतरी एकत्र धरून पाहिल्यावर. जांभळी नाक्याच्या बाजूला एक फुलवाली बसते, तिच्याकडे मी संकष्टीला दूर्वा घेतो. ती जुडी बांधताना बघ कधी. ओल्या फडक्यातून तीन-तीन काड्या चिमटीत उचलते, डाव्या हाताच्या मुठीत सरकवते, ओठ हलत नाहीत, समोरच्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देणंही चालू असतं, आणि सातव्या चिमटीला दोरा फिरतो. एकवीस. त्या एकवीस दूर्वांमध्ये ते एकवीसपण सकाळपासून होतं, की तिच्या मुठीत आलं? वैशेषिक म्हणेल, तिच्या बुद्धीने आणलं.

आता उदयनाचार्यांची करामत ऐक. साधारण हजार वर्षांपूर्वीचे हे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित. 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करणाऱ्या हेतूंची एक कारिका, म्हणजे श्लोक, आहे, तिच्यात शेवटचा हेतू 'संख्याविशेषात्', म्हणजे विशिष्ट संख्येवरून. दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं. त्याचा आकार कुठून आला? परमाणूच्या आकारातून येणार नाही, कारण आकारातून आपल्याच जातीचा वाढीव आकार निघतो, सूक्ष्मातून अतिसूक्ष्म निघेल. म्हणून तो परमाणूंच्या 'दोन' या संख्येतून आला. आणि दोन तर अपेक्षाबुद्धीशिवाय नाही. सृष्टीच्या आरंभी तू नव्हतीस, मी नव्हतो, मग ते दोन मोजले कुणी? ईश्वराने.

बघितलंस? तू ज्याला देवाविरुद्ध साक्षीला उभं केलंस, त्यालाच उदयनांनी देवाच्या बाजूने पिंजऱ्यात आणलं. मला हा युक्तिवाद पटत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. परमाणूंचं ते शास्त्र गेलं. शिवाय गुणावर गुण राहत नाही असा त्यांचाच नियम, मग 'चोवीस गुण' हे चोवीस बसायचे कुठे? बंगालमधल्या नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणी या नैयायिकाला हे खटकलं आणि त्याने संख्येला गुणांमधून उठवून वेगळा पदार्थच, म्हणजे स्वतंत्र वर्गच, केला. आपल्या माणसांनी आपल्याच माणसांचे कान असे पिळलेत, आणि आपल्याकडे पोरं प्लेटो पाठ करतात. असो, हा म्हाताऱ्याचा सूर झाला.

माझं स्वतःचं काय, तर मी सात ठेवतो आणि 'सगळं' लहान करतो. तुझी आई म्हणते, "मी घरातलं सगळं आवरलं." त्यात भिंती नसतात, आणि ती खोटंही बोलत नसते. 'सगळं' म्हणजे आवरण्याजोगं सगळं. तसं देवाने सगळं केलं म्हणजे करण्याजोगं सगळं. पीटर व्हॅन इनवेगन हा तत्त्वज्ञ स्वतः ख्रिस्ती असून जवळपास याच वाटेने जातो. पण हे फुकट मिळत नाही. देवाशेजारी आणखी काहीतरी आपल्या पायावर उभं आहे, आणि त्याचं कारण मला सांगता येत नाही, हे मान्य करून मी कोपिनेश्वराला जातो. 'श्रद्धा वेगळी, बुद्धी वेगळी' म्हणून हात झटकत नाही, आणि तूही झटकू नकोस. ज्याला सगळं म्हणजे खरोखर सगळं असं म्हणायचंय त्याने क्रेगसारखी किंमत मोजावी. निकियाचं वाक्य म्हणणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही, त्याचं घर वेगळं आहे.

तेव्हा तू देव सोडलास म्हणतेस, तर एका कागदावर लिही की कुठला सोडलास. सर्वकर्ता सोडला असशील तर तुझा हिशेब बरोबर आहे, मी सही करीन. पण आजीच्या मखरातला गणपती सर्वकर्ता होता का, हे तू तिला एकदा तरी विचारलंस? की देव निकियाचा आणि शिक्षा आजीला? आरतीला उभी राहा असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न. मात्र यंदा नाही उभी राहिलीस त्याचं कारण तिला सातमध्ये सांगू नकोस. तिच्याशी बोल, तेही मोबाइल बाजूला ठेवून.

रविवारी सकाळी मी तलावपाळीला असतो, रंगायतनच्या बाजूला. कागद घेऊन ये.

आणि हो, काल संकष्टीची जुडी घरी आणली आणि तुझा मेसेज डोक्यात असल्यामुळे दोरा सोडून दूर्वा मोजल्या. वीस निघाल्या. आज परतताना फुलवालीला सांगितलं. ती हातातली जुडी न थांबवता म्हणाली, "काका, देव काय मोजत बसतो होय?"

उदयनाचार्यांना हे अजिबात चाललं नसतं.

तुझे,
सर